वार्धक्य आणि वाहनचालन : वय हा सुरक्षिततेचा निकष ठरू शकतो काय?

१. प्रश्नाचे स्वरूप

मोटार चालविणे ही क्रिया आज इतकी सर्वसामान्य झाली आहे की, तिच्यात किती निरनिराळ्या शक्तींचा एकाच वेळी उपयोग करावा लागतो, याचा सहसा कोणी विचार करीत नाही. समोरचा रस्ता पाहणे, आजूबाजूच्या हालचालींची दखल घेणे, त्यांतील कोणती हालचाल धोक्याची आहे हे ओळखणे, काय करावयाचे ते ठरविणे आणि हातापायांनी ते अमलात आणणे, या साऱ्या गोष्टी एखाद-दुसऱ्या सेकंदात घडाव्या लागतात. वाढत्या वयाबरोबर यांपैकी बहुतेक शक्ती कमीअधिक प्रमाणात क्षीण होतात, हे शारीरविज्ञानाने निर्विवादपणे दाखवून दिले आहे. यावरून, विशिष्ट वयानंतर मनुष्याने वाहन चालविणे सोडून द्यावे, असा निष्कर्ष सरळच निघतो असे वाटते. परंतु गेल्या सुमारे पस्तीस वर्षांत या विषयावर जे संशोधन झाले, त्याने या सरळ वाटणाऱ्या निष्कर्षाला बरीच मुरड घातली आहे.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. १९ एप्रिल २०१९ रोजी टोकियो शहराच्या इकेबुकुरो भागात ८७ वर्षांच्या एका गृहस्थाने चालविलेली मोटार भरधाव वेगाने रस्ता ओलांडणाऱ्या लोकांत घुसली. त्यात ३१ वर्षांची एक स्त्री आणि तिची तीन वर्षांची मुलगी मृत्युमुखी पडली. ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला गेल्यामुळे हा अपघात घडला, असा निर्णय देऊन न्यायालयाने २०२१ साली चालकास पाच वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावली. या घटनेने साऱ्या जपानमध्ये क्षोभ उसळला. वृद्धांच्या हाती मोटार असावी काय, हा प्रश्न घरोघरी विचारला जाऊ लागला. आणि त्या एका वर्षात सुमारे ६ लक्ष लोकांनी आपले परवाने स्वेच्छेने परत केले.

एका पारड्यात त्या मायलेकींचे प्राण आहेत. दुसऱ्या पारड्यात, ज्यांनी कोणताही अपघात केलेला नाही अशा लक्षावधी वृद्धांचे हिंडण्याफिरण्याचे स्वातंत्र्य आहे. या दोहोंचा विचार करताना भावनेपेक्षा पुराव्याकडे अधिक लक्ष देणे अगत्याचे ठरते. भारतातही हा विचार फार काळ लांबणीवर टाकता येणार नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील ६० वर्षे व त्यांवरील व्यक्तींचे प्रमाण ८.६ टक्के होते. महाराष्ट्रात ते ९.९ टक्के आणि गोव्यात ११.२ टक्के होते. तरुणपणापासून स्कूटर वा मोटार चालवीत आलेली पिढी आता वार्धक्यात प्रवेश करीत आहे.

२. वयाबरोबर नेमके काय बदलते?

पहिला बदल दृष्टीचा. वयोमानानुसार डोळ्याची बाहुली लहान होत जाते आणि नेत्रभिंग पिवळसर व धूसर होते. परिणामी साठ वर्षांच्या व्यक्तीच्या दृष्टिपटलावर वीस वर्षांच्या व्यक्तीच्या तुलनेने सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. समोरून येणाऱ्या दिव्यांच्या झोताने दिपलेले डोळे पूर्ववत् होण्यासही अधिक वेळ लागतो. म्हणूनच दिवसा उत्तम रीतीने वाहन चालविणारा मनुष्य रात्री किंवा पावसात चाचपडू लागतो.

तथापि नेत्रतपासणीच्या तक्त्यावरील अक्षरे वाचता येणे म्हणजे रस्ता दिसणे नव्हे. अमेरिकेतील अलाबामा विद्यापीठात सिंथिया औस्ली, कार्लीन बॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'उपयोगी दृष्टिक्षेत्र' या कल्पनेचा अभ्यास केला. डोळे व मान न हलविता, एका दृष्टिक्षेपात, लक्ष विचलित करणाऱ्या गोष्टी असतानाही जेवढ्या भागातील माहिती मनुष्य ग्रहण करू शकतो, तेवढे त्याचे उपयोगी दृष्टिक्षेत्र होय. हे केवळ डोळ्यांचे कार्य नसून डोळे व मेंदू या दोहोंचे आहे. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ५५ ते ८७ वर्षे वयाच्या २९४ चालकांचा तीन वर्षे मागोवा घेण्यात आला. ज्यांचे उपयोगी दृष्टिक्षेत्र ४० टक्के किंवा त्याहून अधिक घटले होते, त्यांच्या बाबतीत अपघाताची शक्यता इतरांच्या २.२ पट आढळली. ज्याची तपासणी परवाना देताना सर्वत्र केली जाते, त्या साध्या दृष्टितीक्ष्णतेचा अपघाताशी असा बळकट संबंध दिसून आला नाही.

दुसरा बदल प्रतिक्रियाकालाचा. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. निर्णय घेण्यास केवळ अर्धा सेकंद अधिक लागला, तर ब्रेक लागण्यापूर्वीच ते आणखी ८ मीटर पुढे गेलेले असते. मोकळ्या रस्त्यावर पुढील वाहनापासून अंतर राखून व वेग कमी ठेवून ही उणीव भरून काढता येते. चौकात मात्र तसे करता येत नाही. कारण तेथे निर्णयाची घटका चालकाने निवडलेली नसते. समोरून येणाऱ्या वाहनांचा वेग अजमावून त्यांच्या वाटेला छेद देत वळणे, हे वृद्ध चालकांना सर्वांत अवघड जाते आणि त्यांच्या अपघातांत चौकांतील अपघातांचा वाटा मोठा असतो, असे अनेक देशांत आढळले आहे. भारतात वाहने डावीकडून चालत असल्याने उजवीकडचे वळण हेच येथील अवघड वळण होय.

तिसरा बदल वयाचा म्हणून गणला जातो. वस्तुतः तो औषधोपचाराचा असतो. कॅनडातील क्वेबेक प्रांतात ६७ ते ८४ वर्षांच्या चालकांविषयी झालेल्या आणि १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शरीरात दीर्घकाळ टिकून राहणारी बेंझोडायझेपीन वर्गातील झोपेची व चिंताशामक औषधे सुरू केल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात दुखापत घडविणाऱ्या अपघातांचे प्रमाण ४५ टक्क्यांनी वाढलेले आढळले. त्याच वर्गातील अल्पकाळ टिकणाऱ्या औषधांच्या बाबतीत अशी वाढ दिसली नाही. याच्या उलट बाजूचे उदाहरणही उपलब्ध आहे. अलाबामातीलच संशोधकांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करून घेतलेल्या वृद्ध चालकांतील अपघातांचे प्रमाण, मोतीबिंदू असूनही शस्त्रक्रिया न केलेल्यांच्या तुलनेने सुमारे निम्मे होते. एकाला गोळीने धोकादायक बनविले आणि दुसऱ्याला शस्त्रक्रियेने सुरक्षित केले. दोघांचेही वय मात्र तेच राहिले. जे 'वयाचे' म्हणून सोडून दिले जाते त्यातील बराच भाग उपचारसाध्य असतो, हे यावरून ध्यानात येईल.

३. अंश आणि छेद

वृद्ध चालक अधिक अपघात करतात काय? या प्रश्नाचे उत्तर अपघातांच्या संख्येला कशाने भागले, यावर अवलंबून आहे. एकूण अपघातांची संख्या पाहिली तर वृद्धांचा वाटा लहान दिसतो. परंतु वृद्ध चालक संख्येने कमी असतात आणि ते वाहनही कमी चालवितात. म्हणून प्रतिकिलोमीटर अपघातांचे प्रमाण काढण्याची पद्धत रूढ झाली. या पद्धतीने आलेख काढला असता त्याला नावेच्या बुडाचा आकार येतो : अगदी तरुण चालकांत प्रमाण उंच, मध्यम वयात खाली, आणि पुढे पुन्हा उंच. अमेरिकेतील आकडेवारीनुसार प्राणघातक अपघातांचे प्रतिमैल प्रमाण सत्तरीनंतर स्पष्टपणे चढू लागते आणि ८५ वर्षांवरील गटात ते सर्वाधिक असते. वृद्धांविरुद्धचा सारा युक्तिवाद या उजवीकडच्या चढावर उभा आहे.

परंतु या चढाच्या पोटात एक सांख्यिकीय दोष दडलेला आहे. कॅलिफोर्निया राज्याच्या मोटारवाहन खात्यातील संशोधिका मेरी जँकी यांनी १९९१ साली त्याकडे लक्ष वेधले. अपघातांची संख्या कापलेल्या अंतराच्या सम प्रमाणात वाढत नाही. जे वर्षात फार थोडे अंतर जातात, ते बहुधा गर्दीच्या शहरी रस्त्यांवरून जातात. तेथे चौक, वळणे, पादचारी या सर्वांमुळे प्रत्येक किलोमीटरमागे धोका अधिक असतो. जे पुष्कळ अंतर जातात, त्यांच्या अंतराचा मोठा भाग एकमार्गी, विनाअडथळा द्रुतगती मार्गांवर कापला जातो.

एका मानीव उदाहरणाने ही गोष्ट स्पष्ट होईल. शहरात दर एक लक्ष किलोमीटरमागे एक अपघात आणि महामार्गावर दर पाच लक्ष किलोमीटरमागे एक अपघात होतो, असे धरू. एक वृद्ध गृहस्थ वर्षात २,००० किलोमीटर, तेही सर्व शहरातच, जातात. एक मध्यमवयीन चालक वर्षात २०,००० किलोमीटर जातो. त्यांपैकी ४,००० शहरात आणि १६,००० महामार्गावर. दोघेही अगदी सारखेच निष्णात आहेत असे गृहीत धरले, तरी गणिताने वृद्धाचे प्रमाण लक्ष किलोमीटरमागे १ आणि मध्यमवयीनाचे ०.३६ येते. म्हणजे कौशल्यात तिळमात्र फरक नसताना वृद्ध चालक पावणेतीन पटींहून अधिक धोकादायक 'ठरतो'. उलटपक्षी वर्षभरात प्रत्यक्ष होणाऱ्या अपघातांचा हिशेब केला, तर वृद्धाकडून ०.०२ आणि मध्यमवयीनाकडून ०.०७२ अपघात संभवतात. म्हणजे समाजाला वृद्धापासून होणारा उपद्रव एक तृतीयांशाहूनही कमी भरतो.

या दोषास 'अल्प अंतराची अभिनती' असे म्हणता येईल. लिसा हाकामिएस-ब्लोमक्विस्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली फिनलंडमधील चालकांच्या माहितीवरून आणि लँगफर्ड प्रभृतींनी २००६ साली नेदरलँड्समधील सर्वेक्षणावरून तिचा पडताळा घेतला. वर्षाकाठी सारखेच अंतर जाणाऱ्या निरनिराळ्या वयांच्या चालकांची तुलना केली असता, ७५ वर्षांवरील बहुसंख्य चालक इतर वयांच्या चालकांइतके, किंबहुना त्यांच्याहून अधिक, सुरक्षित आढळले. अपवाद होता तो वर्षात ३,००० किलोमीटरांहून कमी जाणाऱ्या वृद्धांचा. नेदरलँड्सच्या पाहणीतील वृद्ध चालकांत त्यांचे प्रमाण दहा टक्क्यांहून थोडेसेच अधिक होते.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. कमी अंतर जाणे हे धोक्याचे कारण असते तसे ते परिणामही असू शकते. ज्याला आपल्या शक्ती कमी झाल्याची जाणीव होते, तो आपण होऊनच वाहन कमी चालवू लागतो. म्हणून त्या लहानशा गटातील वाढलेले प्रमाण केवळ गर्दीच्या रस्त्यांमुळे आहे, असे म्हणणे धाडसाचे होईल. एवढे मात्र निश्चित की, धोका साऱ्या वृद्धांत समप्रमाणात विखुरलेला नसून तो एका लहान गटात एकवटलेला आहे.

४. अधिक अपघात की अधिक मृत्यू?

दुसरा घोटाळा अपघात आणि मृत्यू यांची गल्लत केल्याने होतो. प्राणघातक अपघातांची नोंद सर्वांत विश्वसनीय असते, म्हणून बहुतेक तुलना मृत्यूंच्या आधारे केली जाते. परंतु ज्या आघाताने तरुणाच्या फासळीला नुसता मुका मार बसतो, त्याच आघाताने वृद्धाची फासळी मोडून फुप्फुसात शिरू शकते. ली, ब्रेव्हर आणि चेन या संशोधकांनी २००३ साली अमेरिकेतील आकडेवारीचे पृथक्करण करून दाखविले की, वृद्ध चालकांच्या प्रतिमैल मृत्युप्रमाणातील जी वाढ दिसते, तिच्यापैकी वयोगट व लिंग यांनुसार सुमारे ६० ते ९५ टक्के भाग शरीराच्या भंगुरतेचा असतो; अपघात अधिक घडण्याचा वाटा उरलेल्या भागापुरताच असतो, आणि तोही प्रामुख्याने अतिवृद्धांत ठळक होतो.

याचा अर्थ असा की, वृद्ध चालक हा इतरांपेक्षा स्वतःलाच अधिक धोकादायक असतो. ही गोष्ट दुर्लक्षणीय नाही. परंतु तिच्यावरचा उपाय निराळा आहे. भंगुरतेवरील उपाय म्हणजे आसनपट्टा, हवेच्या पिशव्या, मजबूत वाहन आणि सावकाश वाहतूक. परवाना काढून घेणे नव्हे. इकेबुकुरोसारखी घटना समाजमनावर खोल ओरखडा उमटविते, कारण तीत निरपराध बालक मरते. परंतु नियम आखताना त्या एका घटनेला साऱ्या वयोगटाचे प्रतिनिधित्व देणे शास्त्रीय दृष्ट्या समर्थनीय ठरत नाही.

५. स्वतःच्या मर्यादांची जाण

बहुसंख्य वृद्ध चालक सुरक्षित राहतात, याचे रहस्य त्यांच्या शक्तींत नसून त्यांच्या विवेकात आहे. ते रात्री वाहन बाहेर काढीत नाहीत. पाऊस आणि गर्दीची वेळ टाळतात. ओळखीच्या रस्त्याने जातात. वेग कमी ठेवतात. मद्य घेऊन वाहन चालविण्याचे प्रमाण त्यांच्यात तरुणांपेक्षा कमी असते. इंद्रिये जे गमावतात ते अनुभव भरून काढतो.

परंतु हा सारा डोलारा एका गृहीतकावर उभा आहे : आपली शक्ती किती उरली आहे हे मनुष्याला कळते. स्मृतिभ्रंशात नेमकी हीच जाण नष्ट होते. ज्याला डोळ्यांनी कमी दिसते, तो रात्री घरी राहतो. ज्याचा निर्णय बिघडला आहे, त्याला तो बिघडल्याचे कळत नाही. म्हणून ज्याला स्वतःविषयी शंका येते त्या वृद्धापेक्षा, ज्याला कधीच शंका येत नाही तो वृद्ध अधिक चिंतेचा विषय होय.

तथापि स्मृतिभ्रंशाचे निदान आणि परवाना रद्द होणे या गोष्टीही एकरूप मानता येत नाहीत. अमेरिकेतील सेंट लुई येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी अल्झायमर रोगाच्या अतिसौम्य अवस्थेतील चालकांची प्रत्यक्ष रस्त्यावर परीक्षा घेतली. त्यांपैकी अनेकजण प्रारंभी उत्तीर्ण झाले. परंतु निरोगी वृद्धांच्या मानाने त्यांचे कौशल्य लवकर ढासळत गेले. म्हणून अशा व्यक्तींची परीक्षा एकदाच घेऊन न थांबता ती दर सहा महिन्यांनी पुन्हा घ्यावी, असे त्यांनी सुचविले. उत्तराला मुदत असते, हा या संशोधनाचा महत्त्वाचा धडा होय.

६. तपासणीचा अनुभव : फिनलंड, डेन्मार्क व जपान

धोका लहान गटात आहे हे मान्य केल्यावर, सर्वांचीच तपासणी करून तो गट वेचून काढावा, हा पुढचा विचार स्वाभाविकपणे सुचतो. तो निरनिराळ्या देशांत अमलातही आला. आणि त्याचे फळ अपेक्षेप्रमाणे आले नाही.

फिनलंडमध्ये सत्तरीनंतर परवान्यासाठी वैद्यकीय तपासणी सक्तीची होती, तर शेजारच्या स्वीडनमध्ये तशी तपासणी नव्हती. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक अभ्यासात या दोन देशांतील वृद्ध चालकांच्या अपघातप्रमाणात तपासणीला श्रेय देता येईल असा फरक आढळला नाही. मात्र फिनलंडमध्ये वृद्ध पादचाऱ्यांच्या मृत्यूंचे प्रमाण स्वीडनपेक्षा अधिक होते. डेन्मार्कने २००६ साली वृद्ध चालकांच्या वैद्यकीय तपासणीत बौद्धिक क्षमतेच्या चाचणीची भर घातली. आनू सिरेन व आनेट मेंग यांनी २०१२ साली या उपायाच्या पूर्वीच्या व नंतरच्या काळाची तुलना प्रसिद्ध केली. वृद्ध मोटारचालकांच्या प्राणघातक अपघातांत फरक पडलेला नव्हता. परंतु पायी वा सायकलने जाणाऱ्या वृद्धांच्या मृत्यूंत लक्षणीय वाढ झाली होती. २०१७ साली डेन्मार्कने केवळ वयाच्या आधारे होणारी सक्तीची तपासणी रद्द केली.

जपानचा मार्ग सर्वांत पद्धतशीर म्हणावा लागेल. तेथे १९९८ साली परवाना स्वेच्छेने परत करण्याची सोय झाली. सत्तरीनंतरच्या चालकांना नूतनीकरणापूर्वी विशेष वर्गास हजर राहावे लागते. ७५ वर्षांवरील चालकांसाठी २००९ साली बौद्धिक क्षमतेची चाचणी सुरू झाली. २०१७ साली, या चाचणीत स्मृतिभ्रंशाची शंका आलेल्या प्रत्येकास वैद्याकडे जाणे बंधनकारक झाले. आणि २०२२ च्या मे महिन्यापासून, ज्यांनी अलीकडे विशिष्ट वाहतूक-अपराध केले आहेत अशा ७५ वर्षांवरील चालकांना प्रत्यक्ष वाहन चालवून परीक्षा द्यावी लागते. २०१७ च्या बदलाचा परिणाम २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तपासण्यात आला. वृद्ध चालकांनी केलेल्या टकरींत, विशेषतः पुरुषांत, घट झाली होती. त्याचबरोबर पादचारी व सायकलस्वार म्हणून जखमी होणाऱ्या वृद्धांची संख्या वाढली होती. घट ही वाढीपेक्षा मोठी होती, हे नमूद केले पाहिजे.

या तीन अनुभवांतून निघणारे सूत्र असे : परवाना काढून घेतल्याने धोका नाहीसा होत नाही, त्याचा निदान काही भाग मोटारीतून उतरून पायी चालू लागतो. मोटारीच्या पोलादी कवचात बसलेला वृद्ध जेव्हा त्याच रस्त्यावर पायी येतो, तेव्हा तो स्वतः कोणाला मारीत नाही. परंतु त्याच्या मरण्याची शक्यता वाढते. जपानचे २०२२ चे पाऊल अधिक विवेकी वाटते ते यासाठी की, त्यात केवळ वय न पाहता चालकाचे प्रत्यक्ष वर्तन पाहिले जाते आणि कागदावरील चाचणीऐवजी चाकामागे बसवून परीक्षा घेतली जाते.

७. वाहन सुटल्यावर

वाहन सोडणे ही क्रिया एका दिवसात होते. तिचे परिणाम वर्षानुवर्षे चालतात. अमेरिकेतील आकडेवारीवरून २००२ साली फोली व सहकाऱ्यांनी असा अंदाज मांडला की, ७० ते ७४ वर्षांचे चालक आणखी सुमारे ११ वर्षे वाहन चालवितात. त्यानंतर पुरुषांना सरासरीने सुमारे ६ वर्षे आणि स्त्रियांना सुमारे १० वर्षे प्रवासासाठी इतरांवर अवलंबून राहावे लागते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका समग्र आढाव्यानुसार, वाहन चालविणे थांबविलेल्या वृद्धांत नैराश्याच्या लक्षणांचा संभव जवळजवळ दुप्पट होतो. येथेही कार्यकारणभाव सरळ नाही, कारण प्रकृती ढासळल्यामुळेच अनेकजण वाहन सोडतात. तरीही दवाखाना, बाजार, देवालय, मित्रमंडळी यांच्याशी असलेला संबंध तुटणे ही किरकोळ हानी नव्हे. जपानमध्ये परवाना परत करणाऱ्यास एक प्रमाणपत्र दिले जाते आणि ते दाखविल्यावर अनेक ठिकाणी बस व टॅक्सीच्या भाड्यात सवलत मिळते. परवान्याच्या बदल्यात काहीतरी दिले पाहिजे, हे तत्त्व त्यात मान्य केलेले आहे.

८. भारतीय परिस्थिती

भारतात खाजगी वाहनाच्या परवान्यासाठी वयाची कमाल मर्यादा नाही. १९८८ चा मोटारवाहन अधिनियम २०१९ साली सुधारण्यात आला. त्यानुसार ५० ते ५५ वर्षे वयात दिलेला परवाना साठाव्या वर्षापर्यंत चालतो आणि ५५ वर्षांनंतर तो एका वेळी पाच वर्षांपुरताच मिळतो. चाळिशी उलटल्यावर नूतनीकरणासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र द्यावे लागते. त्यात २५ मीटर अंतरावरून मोटारीच्या क्रमांकाची पाटी वाचता येते काय, ऐकू येते काय, अपस्मार वा भोवळ यांसारखा विकार आहे काय, अशा गोष्टी नमूद होतात. उपयोगी दृष्टिक्षेत्र, निर्णयाचा वेग किंवा स्मृतिभ्रंशाची प्रारंभिक चिन्हे यांची पद्धतशीर मोजणी त्यात अभिप्रेत नाही. म्हणजे जी गोष्ट अपघाताशी अल्प प्रमाणात निगडित आहे ती मोजली जाते, आणि जी निकट निगडित आहे ती वगळली जाते.

केंद्र शासनाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते-अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मरण पावल्या. त्यांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरील आणि १९.५ टक्के पादचारी होत्या; मृतांपैकी ६६.५ टक्के १८ ते ४५ या वयोगटातील होत्या. या आकड्यांत अंश आहे, छेद नाही. कोणत्या वयाचे चालक किती किलोमीटर जातात हे त्यांवरून समजत नाही, म्हणून त्यांच्या आधारे वृद्ध चालकांना दोषी किंवा निर्दोष ठरविता येत नाही. एक गोष्ट मात्र उघड आहे. पाश्चात्य संशोधन मोटारीविषयीचे आहे. येथील वृद्ध बहुधा स्कूटरवर असतो. तेथे भंगुर शरीराभोवती कवच नसते, तोल सांभाळण्याचे काम अधिक असते, आणि वाहन सोडले तर वाट्याला येणारा पदपथ कित्येकदा अस्तित्वातच नसतो. डेन्मार्कसारख्या सुव्यवस्थित रस्त्यांच्या देशात जर धोका मोटारीतून पादचाऱ्याकडे सरकतो, तर भारतीय शहरांत तो किती सरकेल याचा विचार केल्याविना वयाची मर्यादा घालणे अदूरदर्शीपणाचे ठरेल.

पर्यायी वाहतुकीच्या दृष्टीने महाराष्ट्रातील एक उपक्रम उल्लेखनीय आहे. राज्य परिवहन महामंडळाने ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील नागरिकांना एस.टी.चा प्रवास विनामूल्य केला. हा उपक्रम परवान्याच्या प्रश्नासाठी योजलेला नाही. पण स्कूटर सोडणाऱ्या वृद्धाला तालुक्याच्या गावी जाण्याचे साधन त्याने उपलब्ध होते. शहरांतर्गत प्रवास, बसची उंच पायरी आणि थांब्यापर्यंतचा रस्ता, हे प्रश्न मात्र त्याने सुटत नाहीत.

९. समारोप

वृद्ध मनुष्य सुरक्षितपणे वाहन चालवू शकतो काय, या प्रश्नाचे उत्तर 'बहुतेक चालवू शकतात, काही चालवू शकत नाहीत, आणि ते काही कोण हे जन्मतारखेवरून कळत नाही' असे द्यावे लागते. वय हे तपासणीची वेळ सुचविणारी खूण म्हणून उपयोगी आहे. निर्णयाचा आधार म्हणून नाही. निर्णयासाठी तीन गोष्टी पाहाव्या लागतील : उपचारसाध्य दोष दूर केले आहेत काय, प्रत्यक्ष रस्त्यावर चालक कसा वागतो, आणि स्वतःच्या मर्यादांची जाण त्याच्या ठायी शाबूत आहे काय. शेवटच्या गोष्टीची कसोटी घरच्या मंडळींना सर्वांत आधी लागते. ओळखीचा रस्ता चुकणे, मोटारीवर नवे ओरखडे दिसू लागणे, मागून वारंवार भोंगे वाजणे, ही त्याची चिन्हे होत. अशा वेळी मुलाबाळांनी किल्ली लपवून ठेवण्यापेक्षा, वाहन सोडल्यानंतरच्या जाण्यायेण्याची व्यवस्था त्या वृद्धाच्या विचाराने आधीच लावून देणे हितावह ठरते.

महाराष्ट्रातील विद्यापीठांना या क्षेत्रात करण्यासारखे कार्य पुष्कळ आहे. मानसशास्त्र, सांख्यिकी, नेत्रवैद्यक आणि वाहतूक-अभियांत्रिकी या शाखांनी एकत्र येऊन, येथील वृद्ध चालक कोणत्या वाहनाने, कोणत्या वेळी, किती अंतर जातात, एवढी साधी माहिती जरी पद्धतशीरपणे गोळा केली, तरी आज ज्या आकड्यांना छेद नाही त्यांना तो मिळेल. तोपर्यंत एखाद्या दुर्घटनेनंतर उसळणाऱ्या क्षोभातून वयोमर्यादेची मागणी होत राहील. त्या मागणीमागील दुःख खरे असते. परंतु दुःखातून केलेला नियम जर एका बालकाला वाचविताना दोन वृद्धांना रस्त्यावर उघडे पाडणार असेल, तर तो करण्यापूर्वी हा हिशेब मांडणे, हे विद्येच्या उपासकांचे कर्तव्य ठरते.